घरात कुणालाच नाही

देगू, सोमवार, २० नोव्हेंबर २०२३

ओक-रान ताई,

चार वर्षांत तुला ताई म्हणायला जीभ रेटली नाही. आजही रेटत नाहीये, पण पत्राच्या वर दुसरं लिहू तरी काय? फोनमधून तुला मीच काढून टाकलंय, आणि तिथे लिहिलं असतं तरी तू वाचून मूग गिळून बसली असतीस. म्हणून रजिस्टर पत्र. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे ‘मिळालंच नाही’ म्हणायची सोय उरणार नाही.

सरळ विचारते. माझ्या पोरीशी तुझं काय चाललंय?

गेल्या गुरुवारी गाओनची कॉलेज प्रवेशाची परीक्षा झाली. शुक्रवारी ती माझ्या अल्टरेशनच्या दुकानात आली, फोन शिलाई मशीनवर ठेवून समोरून गरम पाव आणायला गेली, आणि फोन वाजला. मला काही हेरगिरी करायची हौस नाही. बारीक अक्षरं मला तशीही दिसत नाहीत. मशीनला एक भिंग लावलंय, चेनचे दात बघायला, त्याच्याखाली फोन सरकला आणि वाचलं गेलं इतकंच. ‘पुसानची मावशी’ म्हणून नाव, आणि खाली: ‘सुटलीस ना एकदाची? आता ये. तुझे डोळे मी करून देते.’

डोळे करून देते! आपल्याकडे परीक्षा संपल्यावर डोळे ‘करण्याचे’ दोनच अर्थ असतात, हे काय मला सांगायला हवं? एक तर डोळे मोठे दिसावेत म्हणून पापणीला घडी पाडून घ्यायची, नाहीतर लेझरनं चष्मा घालवायचा. गाओनच्या पापणीला घडी जन्मतःच आहे. मग उरलं काय ते तूच सांग. परीक्षेचं ओळखपत्र दाखवा, सवलत मिळवा, असे फलक आमच्या गल्लीपर्यंत लागलेत. तिच्या वर्गातल्या सहा पोरींनी तारखा घेतल्यासुद्धा.

माझे डोळे करून पोट भरलं नाही का तुझं? विसरली असशील तर आठवण करून देते. ऑक्टोबर २००३. तू देगूतल्या त्या दवाखान्यात डोळे तपासायचं काम करायचीस. मी तेवीस वर्षांची, बाजारात कापडाच्या ठोक दुकानात नोकरीला. मालक जुन्या वळणाचा. सकाळी पहिल्यांदा चष्मेवाली बाई समोर आली की बोहनी होत नाही म्हणायचा आणि दहा वाजेपर्यंत मला मागच्या खोलीत गाठोडी मोजायला बसवायचा. ‘हट्ट आहे ना तुझा, मग ये,’ असं तूच म्हणालीस. तुझ्या यंत्राच्या टेकूवर मी हनुवटी टेकवली. ‘हलू नकोस गं माकडे,’ म्हणत तू माझ्या दोन्ही डोळ्यांत दिवा घालून बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग डॉक्टरांनी ऑपरेशन केलं.

पहिली आठ वर्षं सोन्यासारखी गेली, खोटं कशाला बोलू? समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरचा नंबर मी वाचायचे. मग डाव्या डोळ्यात कोंडा पडल्यासारखं झालं, मग उजव्या. आता समोरच्या माणसाचं तोंड भाताच्या वाफेआडून बघितल्यासारखं दिसतं. सुईत दोरा गिऱ्हाईक ओवून देतं. दुपारचं ऊन समोरून आलं की मी रस्ता ओलांडत नाही. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये दिवा लावून बघितलं आणि विचारलं, ‘बाई, तुमच्या बुबुळाच्या पडद्यावर पांढरे ठिपके होते, ते ऑपरेशनच्या आधी कुणाला दिसले नाहीत? अशा डोळ्यांना लेझर लावायचंच नसतं. लेझर लागलं की हे ठिपके पसरत जातात. चष्म्यावर तुम्ही साठीपर्यंत आरामात काढली असती.’

तपासणारी तू होतीस, ताई. बघणारी तू होतीस. मला त्या दिवशी कुणी अवाक्षर विचारलं नाही. तू बघितलंस आणि गप्प बसलीस, आणि सहा महिन्यांत नोकरी सोडून पुसानला पळालीस. ज्याच्या मनात काही काळंबेरं नाही तो असा पळत नाही. अप्पांच्या वर्षश्राद्धाला मी चारचौघांत विचारलं तर न जेवता उठून गेलीस.

गाओन अठरा वर्षांची आहे. तिचे डोळे अजून शाबूत आहेत. त्यांच्यावर तुझा हात पडू देणार नाही.

उत्तर दे.

नान-ही


देगू, सोमवार, २७ नोव्हेंबर

ताई,

पोचपावतीवर तुझी सही आली. पत्र मात्र नाही. पत्राऐवजी खोकं. वाळवलेले पर्सिमन, तेही माझ्या आवडीचे, अर्धवट ओले ठेवलेले. लाच आहे का ही? गाओनच्या बाबांनी चार खाल्ले, म्हणाले, ‘फळांनी काय घोडं मारलंय?’ मी हात लावला नाही. (एक खाल्ला. आधीच सांगून टाकते, नाहीतर गाओन तुला सांगेल.)

आणि त्याखाली ते लांबट पाकीट! आत काचेच्या नळीत कापसाची काडी, आणि तुझ्या अक्षरात चिठ्ठी. मोठ्या अक्षरात लिहिलीस, आभारी आहे. ‘गाओनच्या दोन्ही गालांना आतून, दहा-दहा वेळा. जेवायच्या आधी. मग परत पाठव.’ इतकंच. का, कशाला, कुणासाठी, काही नाही. पोरीच्या तोंडातली लाळ घेऊन तू काय करणार? टीव्हीवरच्या मालिकांत बाप कोण ते शोधायला असल्या काड्या वापरतात. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. काडी मी चेनच्या डब्यात टाकून झाकण लावलंय.

आता खरी गोष्ट ऐक. तुला माहीत असणारच, तरी ऐक.

बुधवारी दुकानात एका दवाखान्याचा फोन आला. गोड आवाज, पाकात बुडवलेला. ‘गाओनच्या आई ना? बारा डिसेंबरला सकाळी दहा वाजता ऑपरेशन. आजपासून कॉन्टॅक्ट लेन्स घालू देऊ नका हं.’ मी म्हटलं, कसलं ऑपरेशन? मी कुठे हो म्हटलंय? तर म्हणाली, ‘तिला एकोणीस पूर्ण नाहीत म्हणून पालकांचं संमतीपत्र घेतलंय, त्यावर सहीच्या जागी तुमच्या नावाचा शिक्का आहे की.’

शिक्का माझाच होता. आठवड्यापूर्वी गाओननं एक कागद आणला, ‘आई, होस्टेलच्या अर्जावर शिक्का मार.’ कागदावर बारीक मुंग्या. वाचता येत नाही असं पोरीसमोर कोण कबूल करणार? मी नाकासमोर धरून वाचल्यासारखं केलं, मान हलवली आणि शिक्का मारला. आईचे डोळे कसे आहेत हे तिला बरोबर ठाऊक आहे. ही अक्कल तिला कुणी दिली, ताई?

संध्याकाळी तिला समोर उभं केलं. म्हटलं, ‘मावशीनं शिकवलं ना हे?’

‘मावशीचा काय संबंध? मी स्वतः नाव घातलंय. साचवलेले पैसे माझे आहेत.’

‘खोटं बोलू नकोस. तिचा मेसेज मी वाचलाय.’

‘म्हणजे तू माझा फोन बघतेस? वा! आणि वर मला खोटारडी म्हणतेस?’

‘माझे डोळे बघ आधी. वीस वर्षांनी तुझे असे होतील.’

‘आई, तूच म्हणतेस ना मावशीच्या दवाखान्यानं वाट लावली? मशीन जुनं, माणसं निष्काळजी. मग हा दवाखाना वेगळा, मशीन नवं, माणसं वेगळी. आता अडचण काय आहे?’

हे बोलले होते मीच, चार वर्षं, दर आठवड्याला.

तू म्हणशील, दवाखान्याला एक फोन करून संमती मागे घे, काम झालं. घेतली असती. पण तिथल्या बाई कारण विचारतील. गाओन कारण विचारेल. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला आणखीही एक गोष्ट सांगितली होती, ती पत्रात लिहायची नाही.

हे सगळं तूच जुळवून आणलंयस असं मला वाटतं. नाही तर नाही म्हण. पण तोंडानं म्हण.

नान-ही


देगू, शनिवार, २ डिसेंबर

ताई,

पत्र मिळालं. पाच पानं. अक्षर मोठं होतं, तरी वाचायला मला दीड दिवस लागला. फोननं एकेक ओळीचा फोटो काढायचा, तो बोटांनी ताणून मोठा करायचा. कुणाकडून वाचून घेतलं नाही. घेणार तरी कुणाकडून?

आधी भांडण उरकून घेते. ‘डोळे करून देते म्हणजे चष्मा करून देते! माझं चष्म्याचं दुकान आहे, मी दुसरं काय करून देणार, तळलेली मासळी?’ असं तू लिहिलंस. मग चष्मा असं लिहायला काय झालं होतं? जगातल्या सगळ्या पोरी परीक्षेनंतर डोळे करतात म्हणजे काय करतात हे चष्मेवालीला कळत नाही होय? तरी ठीक आहे. हे मी मानलं.

काडीचंही मानलं. तुझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घेतलेली काडी, लाळेतून घराण्यातला तो दोष उतरलाय का हे आधीच कळतं, आपल्या वेळी ही तपासणी नव्हती. पण मग चिठ्ठीत का नाही लिहिलंस? म्हणतेस, ‘लिहिलं असतं तर तू चिठ्ठीसकट चुलीत घातली असतीस.’ घातली असती. हेही मानलं.

पण तो कागद! वीस वर्षांपूर्वीचा माझा दवाखान्यातला फॉर्म, त्याची झेरॉक्स. तू तो का जपून ठेवलास? कशासाठी? एक दिवस माझ्या तोंडावर मारता यावा म्हणून? दवाखाना बंद पडला तेव्हा जुनी कागदपत्रं जाळणार होते, त्यातून काढून आणलास म्हणतेस. माझा विश्वास बसत नाहीये, आणि बसला तरी राग जात नाहीये.

फॉर्मवर सातवा प्रश्न. ‘घरात कुणाला डोळ्यांचा आजार आहे का?’ त्याच्यापुढे माझं अक्षर, तेव्हाचं, गोल गरगरीत: ‘नाही.’ बाजूला तुझी पेन्सिल. तीही ताणून वाचली. ‘दोन्ही बुबुळांवर पांढरे ठिपके, डावीकडे तीन, उजवीकडे दोन. डॉक्टरांना दाखवणे.’

म्हणजे तू दाखवलं होतंस.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मला कुणी अवाक्षर विचारलं नाही. ते खोटं होतं. डॉक्टर खुर्ची फिरवून माझ्याकडे वळले होते. त्यांच्या खिशाला निळं पेन होतं, इतकं लख्ख आठवतंय मला. ‘हे लहानसे डाग आहेत,’ म्हणाले. ‘जुनी जखम असेल, नाहीतर घराण्यातलं असेल. घरात कुणाला आहे का? आईला, वडलांना?’ मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे. आणि मी म्हणाले, ‘नाही. आमच्या घरात कुणालाच नाही.’

मला विचारसुद्धा करावा लागला नाही, ताई. ते वाक्य मला पाठ होतं.

मी नऊ वर्षांची होते, तू सोळाची. शाळेच्या दवाखान्यातला डोळे तपासायचा तक्ता, आकड्यांचा आणि चित्रांचा, तू जसाच्या तसा उतरवून आणला होतास आणि आईनं तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. अप्पा जमिनीवर मांडी घालून, एका डोळ्यावर भाताचा डाव धरून. त्यांचं लायसन्स नव्यानं व्हायचं होतं. बस चालवायची नोकरी सुटली असती तर आपण काय खाल्लं असतं? समोरून दिवे आले की अप्पांना सगळं पांढरं दिसायचं, हे आपल्या चौघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. रोज जेवणाआधी तक्ता. पाढ्यासारखा, चालीवर. चार, सात, फुलपाखरू, तीन, विमान, दोन, नऊ, बदक. मी छडीनं दाखवायचे आणि अप्पा म्हणायचे. चुकले की मी डाव हिसकावून त्यांच्या गुडघ्यावर मारायचे आणि ते ओरडायचे, ‘अगं मास्तरीणबाई, मेलो!’ किती हसायचो आपण. आणि आई प्रत्येक वेळी तेच बजावायची, शेजारी, शाळेत, देवळात, कुणीही विचारलं तरी सांगायचं, आमच्या घरात डोळ्यांचं काही नाही. अप्पा दर वेळी पास झाले. कुणाला धक्का न लावता निवृत्त झाले हे आपलं नशीब.

तू लिहिलंस, ‘त्या दिवशी एक शब्द मी बोलू शकले असते. अप्पांची निवृत्ती एका वर्षावर होती. दवाखान्यात बस कंपनीची माणसं तपासणीला यायची. मी विचार केला, पाच तर ठिपके आहेत, काय होणार आहे? आणि तोंड उघडलं नाही. तू चष्मा फेकून नाचत घरी गेलीस त्या दिवसापासून मला त्या यंत्रासमोर बसवेना. म्हणून नोकरी सोडली. तू दोष दिलास तेव्हा उठून गेले, कारण तू चुकीचं बोलत नव्हतीस. फक्त अर्धंच बोलत होतीस.’

हे वाचल्यावर मी फोन उलटा करून ठेवला. आज दुकान उघडलं नाही.

आता ती गोष्ट, जी पत्रात लिहायची नव्हती. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले होते, हे आईबापांकडून येतं, आणि तुमच्याकडून तुमच्या मुलांकडे जाऊ शकतं, निम्मी निम्मी शक्यता. घरी सांगा. मी सांगितलं नाही. ना गाओनला, ना तिच्या बाबांना. मावशीनं वाट लावली, हे सांगणं सोपं होतं. त्यात अप्पा येत नव्हते, मी येत नव्हते. सगळं खापर तुझ्यावर फुटत होतं आणि तू पुसानला, लांब. आणि माझ्या त्या खोट्यावर विसंबून पोर बारा तारखेला टेबलावर झोपणार आहे.

उद्या किमचीचा घाट घातलाय. कोबीच्या चाळीस गड्ड्या. उद्या बोलेन.

नान-ही


देगू, सोमवार, ४ डिसेंबर

ताई,

बोलले.

मुद्दाम किमचीची वेळ धरली. दोघींच्या हातात कोपरापर्यंत लाल हातमोजे, मांड्यांशी घमेली, उठून पळायची सोय नाही, ना तिला ना मला. गाओनचे बाबा बाहेर कोबी धूत होते. मी पानांत मसाला भरत भरत विचारलं, ‘त्या दवाखान्यानं फॉर्म भरून घेतला ना? घरात कुणाला डोळ्यांचा आजार, असं विचारलं असेल.’

‘हो.’

‘काय लिहिलंस?’

‘काय लिहिणार? नाही असं लिहिलं. त्या बाई म्हणाल्या, घरात कुणाला नसेल तर लाळेची तपासणी नाही केली तरी चालेल, तशी सही दे. दिली.’

ताई, त्याच जागी, तोच शब्द. मी शिकवलाही नव्हता.

मग मी सगळं सांगितलं. अप्पांचा तक्ता, भाताचा डाव, निळं पेन, मी काय म्हणाले ते, डॉक्टर काय म्हणाले ते. मान वर केली नाही. पंधरा गड्ड्या होईपर्यंत बोलत होते. ती एकदाही मध्ये बोलली नाही, आणि गाओन गप्प बसते म्हणजे काय ते तुला माहीत नाही, चार वर्षांत तू तिला फारशी बघितलेली नाहीस. तेही माझ्यामुळेच.

शेवटी म्हणाली, ‘म्हणजे मावशीनं काही केलं नव्हतं.’

‘केलं. गप्प बसली. पण मी बोलले, ते जास्त वाईट.’

‘आणि चार वर्षं तू मला... आई, मी वर्गात सांगितलंय माझ्या मावशीनं आईचे डोळे घालवले म्हणून!’

हातमोजे ओरबाडून काढले, घमेल्यात फेकले आणि गेली. माझ्या डोळ्यांत मिरची गेली होती का रडू येत होतं कुणास ठाऊक. गाओनचे बाबा दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तिचे हातमोजे उचलले, स्वतः घातले आणि उरलेल्या पंचवीस गड्ड्या भरायला बसले. भरता भरता एकदाच म्हणाले, ‘मला तरी सांगायचंस.’

आज सकाळी न्याहारीच्या आधी ती स्वयंपाकघरात आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘काडी कुठाय?’ चेनच्या डब्यातून काढून दिली. तिनं माझ्यासमोर उभं राहून तोंड उघडलं आणि माझ्या हातात काडी ठेवली. दहा वेळा या गालाला, दहा वेळा त्या. लहानपणी तिला औषध पाजायचे तेव्हा असंच तोंड उघडायची, फक्त तेव्हा माझ्याकडे बघायची.

काडी सोबत पाठवतेय. लवकर कळव. बाराला आठच दिवस उरलेत आणि तिनं तारीख अजून रद्द केलेली नाही. म्हणते, ‘निकाल येऊ दे. निम्मी शक्यता म्हणजे नसण्याचीही निम्मीच ना?’

नसू दे गं, ताई. दवाखान्यात हवी तर नाचत जाऊ दे तिला.

नान-ही


देगू, रविवार, १७ डिसेंबर

ताई,

निकाल तू तिला आधी सांगितलास आणि मला नाही, यावर मी दोन दिवस धुसफुसले. तुमची काही मिलीभगत आहे असं पुन्हा मनात आलंच. सवय जाता जात नाही. पण डोळे तिचे आहेत, तिलाच आधी कळायला हवं होतं, हे मला भांडी घासताना पटलं.

आहे म्हणजे आहे. अप्पांचं, माझं, तिचं. तिनं फोन ठेवला, बाथरूममध्ये जाऊन दार लावलं, पाण्याचा नळ सोडला. अर्ध्या तासानं बाहेर येऊन दवाखान्याला स्वतः फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीची, बाराची, तारीख रद्द केली. तो गोड आवाज म्हणाला असणार, का हो, काय झालं? गाओन म्हणाली, ‘माझ्या फॉर्मवर सातव्या ठिकाणी ‘नाही’ लिहिलंय. ते चूक आहे. खोडा. आजोबा, आई आणि मी असं लिहा.’ शब्द न् शब्द ऐकला मी, मशीन बंद करून. माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते. बोलू दे. तिचा राग खरा आहे.

आता कालचं सांगते. ती तुला म्हणाली असेल, आई घरी आहे. मी घरी नव्हते. पुसानपर्यंत तिच्याबरोबर आले होते. गाडीत ती खिडकीशी, मी पलीकडच्या बाजूला. तुझ्या दुकानाच्या कोपऱ्यावर ती म्हणाली, ‘येतेस?’ मी म्हटलं, तू जा, मी मासळीचं कढण पिते. तुझ्या दाराशेजारीच तो गाडा आहे. मी तिथे कागदी पेला धरून उभी होते, आणि गाड्यावाल्या बाईनं वाफेनं काच धुरकटू नये म्हणून तुझं दार ढकलून उघडं ठेवलं होतं. तू काचेआड फिरताना दिसलीस. म्हणजे निळा सदरा फिरताना दिसला. तू जाड झालीस का गं, का माझे डोळे?

तू तिला बसवलंस. ‘चष्मा काढ. डावा डोळा झाक. वरून सुरू कर.’ तुझा आवाज तसाच आहे, मास्तरीण मी नव्हते, तूच होतीस.

ती वरच्या ओळी वाचत गेली, चार, सात, फुलपाखरू; तक्ता तोच होता, अप्पांचा. मग थांबली.

‘पुढची?’

‘दिसत नाही.’

‘आणि ही?’

‘दिसत नाही, मावशी.’

‘अंदाजानं सांग की.’

‘कशाला? दिसत नाही तर दिसत नाही.’

तू काही बोलली नाहीस. मला कळलं तू का बोलली नाहीस. आपल्या घरात तक्त्यासमोर बसून ‘दिसत नाही’ म्हणणारं आजवर कुणी झालं नव्हतं.

आणि मी काय करत होते, सांगू? तुझ्या दुकानाकडे पाठ करून, पेला हातात घेऊन, पुटपुटत होते. चार, सात, फुलपाखरू, तीन, विमान, दोन, नऊ, बदक. एकही चुकले नाही. गाड्यावाल्या बाईनं विचारलं, ‘काय मोजताय, बाई?’ आणि मला तिथे, रस्त्यात, इतकं रडू आलं की तिनं मला उलट्या खोक्यावर बसवलं.

म्हणून मी आत आले नाही. आले असते तर तू मलाही त्या खुर्चीत बसवलं असतंस, आणि मी तुझ्या तोंडावर पुन्हा खोटं बोलले असते. मुद्दाम नाही, सवयीनं.

गाओनचा चष्मा छान झालाय. गाडीत तिनं काच पुसली, घातला, आणि बाहेर बघत म्हणाली, ‘वीस वर्षांनी पण असाच घालणार.’ माझ्याकडे बघून नाही, पण मला ऐकू येईल असं.

शनिवारी मी येते. एकटी. जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणेन. तू फक्त एक कर, ताई. तो तक्ता बदलून ठेव. हा मला पाठ आहे.

तुझी,
नान-ही